अि, अी, अु : वर्ध्याची बाराखडी आणि अर्धगटाचा पाढा

राष्ट्रभाषा प्रचार समितीने वर्ध्याहून काढलेले एखादे जुने हिंदी पुस्तक उघडले, की आजचा वाचक पहिल्याच पानावर थबकतो. तिथे 'इस' नाही, 'अिस' आहे. 'उस' नाही, 'अुस' आहे. 'एक'च्या जागी 'अेक' आणि 'ऐसा'च्या जागी 'अैसा'. खिळे जुळवणाऱ्याच्या हातून झालेली चूक म्हणावी, तर ती पानोपानी आणि कमालीच्या शिस्तीत झालेली. ती चूक नव्हतीच. ती होती 'अ'ची बाराखडी. क, का, कि, की, कु, कू म्हणतो ना आपण? तसेच अ, आ, अि, अी, अु, अू.

नागरी लिपी छापखान्याला आणि टंकयंत्राला सोयीची व्हावी, म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरीच डोकी कामाला लागली होती. सावरकरांनी रत्नागिरीतल्या स्थानबद्धतेत लिपिशुद्धीची चळवळ चालवली, तिच्यात ही बाराखडी होती. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाचे अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इंदूरला भरले आणि नागरी सुधारण्याचे काम काका कालेलकरांकडे आले. काका जन्माने साताऱ्याचे, घरची भाषा मराठी. पण गुजराती असे लिहीत, की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. गुजरातीत 'ए' आणि 'ऐ' ही अक्षरे 'अ'वर मात्रा देऊनच होतात. आपल्याकडेही आ, ओ, औ 'अ'च्याच खांद्यावर उभे आहेत. मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या सहांनीच वेगळे आकार का सांभाळायचे? १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. त्याच वर्षी गांधीजी जवळच्या सेगावात राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. समितीच्या छपाईत ही नवी बाराखडी उतरली.

वाद झाला, आणि तो लांबला. एक बाजू म्हणे, सहा आकार वाचले, मुलांची घोकंपट्टी कमी झाली, खिळ्यांचा खर्च वाचला. दुसरी म्हणे, शतकांची वळणे मोडून काय मिळवलेत? दोघांनीही मोजले ते आकार. आकार कोणत्या क्रमाने एकमेकांशेजारी बसू शकतात, हा नियम कुणी मोजला नाही. लिपी म्हणजे निव्वळ आकारांची पेटी नव्हे. त्या आकारांच्या जोडणीची शिस्तही तिच्यात येते, आणि सुधारणेने ती शिस्तही बदलली होती.

नियम मोजता येतो. त्यासाठी लागणारे गणित याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकांना आकार घेत होते. त्याचे नाव सेमीग्रुप, मराठीत अर्धगट.

मोबाइलवर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट कधी ना कधी पाहिलेली असते. रिकाम्या ओळीवर क, ख काहीही न टंकता नुसती वेलांटी दाबली, तर तिच्याशेजारी ठिपक्याठिपक्यांचे एक वर्तुळ उमटते. ते वर्तुळ म्हणजे तक्रार आहे. वेलांटी आली, पण ती ज्याच्यावर बसायची ते व्यंजन कुठे आहे? मोबाइलला मराठी येत नाही, शब्दकोश उघडूनही तो पाहत नाही. त्याच्याजवळ एवढीच एक छोटी नोंद असते: शेवटी काय टंकले गेले, आणि त्यानंतर काय चालेल. अशी मर्यादित नोंद ठेवून एकेक कळ स्वीकारणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या कल्पित यंत्राला ऑटोमॅटन म्हणतात आणि त्या नोंदीला स्थिती.

हिशेब सोपा राहावा म्हणून कळांच्या फक्त चार जाती धरू. पहिली व्यंजनाची: क, र, ध, सगळी एकाच जातीची. दुसरी पूर्ण स्वराची: अ, इ, उ, ए. तिसरी स्वरचिन्हाची: काना, मात्रा, वेलांटी, उकार. चौथी पाय मोडण्याची, म्हणजे 'र'चा 'र्' करणारी. अनुस्वाराला थोडा वेळ बाहेर थांबवू. शब्द 'र्'सारख्या मोडक्या अक्षरावर संपत नाही असेही धरू, कारण आजच्या शुद्धलेखनात 'अर्थात', 'कदाचित' हे शब्द पाय न मोडताच लिहितात.

आता या यंत्राला लक्षात काय ठेवावे लागते? फार थोडे. शेवटी व्यंजन आले असेल तर ते 'मोकळे' आहे: त्यावर काना चढेल, त्याचा पाय मोडता येईल, किंवा तसेच सोडून पुढचे अक्षर घेता येईल. शेवटी स्वर किंवा स्वरचिन्ह आले असेल तर अक्षर 'बंद' झाले: आता नवे व्यंजन किंवा नवा स्वरच येऊ शकतो. पाय मोडला असेल तर 'मोडके': आता व्यंजनच हवे, दुसरे काही नाही. शब्दाची सुरुवात 'बंद'सारखीच वागते. या तीन स्थिती, आणि चौथी 'बाद', जिच्यातून परतीची वाट नाही. पहिलीतले मूल पाटीवर अक्षरे जोडते तेव्हा त्याच्या डोक्यात याहून मोठे यंत्र नसते.

अशा यंत्रांची कल्पना १९४३ साली वॉरन मॅक्‌कलक आणि वॉल्टर पिट्स या दोघांनी मेंदूतील पेशींचा विचार करताना मांडली. त्यांच्या कल्पनेला तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीन यांनी १९५१च्या सुमारास नेमके रूप दिले आणि १९५६ साली ते छापून आले. मर्यादित स्थितींच्या यंत्राला जेवढे ओळखता येते तेवढ्या शब्दसंग्रहाला पुढे 'नियमित भाषा' हे नाव पडले. इथे भाषा म्हणजे फक्त 'कोणती रांग चालते आणि कोणती नाही' याची यादी. अर्थाशी तिचा संबंध नाही. 'म्याती' हा शब्द मराठीत कुणी वापरत नाही, पण लिपीच्या दृष्टीने तो बिनचूक आहे.

इथपर्यंत यंत्र झाले. अर्धगट कुठून आला?

नववीच्या पुस्तकात संख्यांचे गुणधर्म शिकवतात: क्रमनिरपेक्षता, साहचर्यता, अविकारक, व्यस्त. आता संख्यांच्या जागी लिहिलेल्या तुकड्यांना ठेवू आणि बेरजेच्या जागी जोडणीला. 'पुल'ला 'गाव' जोडले की पुलगाव होते, 'गाव'ला 'पुल' जोडले की गावपुल. क्रमनिरपेक्षता गेली. 'पुल'ला काय जोडले असता 'पुल' पुसला जाईल? असा तुकडाच नाही, कारण जोडण्याने लेखन वाढते, घटत नाही. व्यस्तही गेला. (पुसण्याची कळ घेतली तरी पुरता व्यस्त मिळत नाही. अक्षर टंकून पुसले तर काही बदलत नाही. पण कोऱ्या पानावर आधी पुसून मग टंकले, तर एक अक्षर उरते.) टिकते ती साहचर्यता: 'सेवा', 'ग्रा', 'म' हे तिन्ही तुकडे आधी पहिले दोन जोडून घ्या नाहीतर शेवटचे दोन, सेवाग्रामच होणार. जिथे जोडणी आहे, जोडून आलेली वस्तू त्याच संचात राहते आणि साहचर्यता आहे, तो अर्धगट. गटाला व्यस्त लागतो, इथे तो नसला तरी चालतो, म्हणून 'अर्ध'. हे नाव फ्रेंच गणितज्ञ द सेगिए यांच्या १९०४च्या पुस्तकात पहिल्यांदा आले, आणि पुढची दोन तपे त्याच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. गट देखणे होते. अर्धगट त्यांचे गरीब भावंड वाटत असत.

या गरीब भावंडाचे खरे काम आता दिसेल. 'ा' हा काना घ्या आणि '्या' हा तुकडा घ्या, म्हणजे पाय मोडणे, मग य, मग काना. दिसायला एक कळ आणि तीन कळा. पण यंत्राला विचारा. दोघांनाही डावीकडे मोकळे व्यंजन हवे. दोघेही आपल्या मागे बंद अक्षर ठेवतात. जिथे पहिला चालतो तिथे दुसरा चालतो, जिथे एक अडतो तिथे दुसरा अडतो. 'माती' चालते तर 'म्याती'ही चालते. लिपीच्या नियमापुरते ते दोन तुकडे एकच आहेत. तसेच 'ाच' आणि '्य'. दोघांनाही व्यंजन हवे, दोघेही मोकळे व्यंजन सोडतात. एकाची जागा दुसऱ्याने घेतल्यावर कुठेच काही बिघडत नसेल, तर त्या दोन तुकड्यांना एक मानायचे. अनंत तुकडे अशा रीतीने मोजक्या चौकटींत येऊन बसतात. त्या चौकटींची आपसातली जोडणी म्हणजे त्या भाषेचा अर्धगट. मायहिल, नेरोड, रेबिन आणि स्कॉट यांनी १९५७ ते १९५९च्या दरम्यान जे सिद्ध केले त्याचे सार हे, की नियम मर्यादित यंत्राला पेलणारा असेल तरच हा अर्धगट सांत असतो. नाहीतर चौकटी संपतच नाहीत.

नागरीच्या चौकटी किती? हाताने मोजता येतात, आणि मोजताना जे सापडते ते फार सुंदर आहे. प्रत्येक तुकड्याजवळ दोनच गोष्टी असतात: डाव्या कडेची मागणी आणि उजव्या कडेची शिल्लक. मागण्या तीन. व्यंजनाने सुरू होणाऱ्या तुकड्याला काहीही चालते. स्वराने सुरू होणाऱ्याला फक्त मोडके अक्षर चालत नाही. स्वरचिन्हाने किंवा पाय मोडण्याने सुरू होणाऱ्याला मोकळे व्यंजनच लागते. शिल्लकही तीन प्रकारची: बंद, मोकळी, मोडकी. तीन गुणिले तीन नऊ, आणि जे तुकडे कुठेच चालत नाहीत, उदाहरणार्थ लागोपाठ दोन काने, त्यांची एक 'बाद' चौकट. एकूण १०. पोटात कितीही अक्षरे असोत, तुकडा एका पानाचा असो की एका कळेचा, लिपीचा नियम त्याच्या दोन कडाच पाहतो. जोडणीचा पाढाही तोंडी सांगता येतो: डाव्याची शिल्लक उजव्याच्या मागणीत बसत असेल तर मागणी डाव्याची राहते आणि शिल्लक उजव्याची, बसत नसेल तर बाद.

आता अनुस्वाराला आत घेऊ. त्याची मागणी वेगळी आहे: त्याला व्यंजन चालते, स्वर चालतो, स्वरचिन्ह चालते, पण अनुस्वारावर अनुस्वार चालत नाही आणि शब्दाची सुरुवात त्याने होत नाही. त्याची शिल्लकही वेगळी आहे. मागण्या चार, शिल्लक चार, चौकटी सोळा आणि एक बाद: १७.

वर्धा जिल्ह्याचे आठ तालुके या पाढ्यात बसवून पाहावेत. वर्धा, देवळी, सेलू, कारंजा: व्यंजनाने सुरुवात, बंद शेवट, चौघे एका चौकटीत. हिंगणघाट आणि समुद्रपूर: व्यंजनाने सुरुवात, मोकळ्या व्यंजनाने शेवट, दोघे दुसऱ्या चौकटीत. आर्वी आणि आष्टी: स्वराने सुरुवात, बंद शेवट, तिसरी चौकट. आठ तालुके, तीन चौकटी. आर्वीची चौकट एकट्या 'आ' या अक्षराचीच आहे, समुद्रपूरची 'क'ची.

कडांचा हा सोळा घरांचा तक्ता गणिताला नवा नव्हता. सांत अर्धगटांची पहिली खोल उकल आंतोन सुश्केविच यांनी १९२८ साली केली. मग १९४० साली डेव्हिड रीस या वेल्श तरुणाने एका विशिष्ट जातीच्या अर्धगटांची रचना पूर्ण उलगडली: प्रत्येक घटकाला एक डावी खूण आणि एक उजवी खूण असते, आणि कोणती उजवी कोणत्या डावीशी जुळते हे सांगणारा एक तक्ता मध्ये बसतो, जुळले नाही तर शून्य. वर 'बाद' म्हटले ते हेच शून्य. नागरीच्या जोडणीचा अर्धगट बरोबर रीसच्या साच्यातला आहे. हे काम छापून आले त्या काळात रीस इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे जर्मन एनिग्मा यंत्राच्या गुप्त लिपीवर काम करत होते. अर्धगटांची अंतर्गत उतरंड दाखवणारे संबंध १९५१ साली मांडणारे सँडी ग्रीन आणि या विषयाचे पहिले मोठे दोन खंडी पुस्तक आल्फ्रेड क्लिफर्ड यांच्यासह लिहिणारे गॉर्डन प्रेस्टन, हे दोघेही युद्धकाळात ब्लेचलीतच होते.

आता मूळ वादाकडे. 'अ'ची बाराखडी आली की इ, ई, उ, ऊ, ए, ऐ हे स्वतंत्र स्वर उठून जातात आणि एकटा 'अ' उरतो. पण हा 'अ' जुन्या स्वरासारखा बंद नाही. त्याच्यावर वेलांटी चढते, उकार लागतो. मग तो व्यंजनासारखा मोकळा म्हणावा, तर त्याचा पाय मोडता येत नाही. म्हणजे यंत्राला एक नवी स्थिती लक्षात ठेवावी लागते: 'आत्ताच अ आला'. मागण्याही फुटतात. आतापर्यंत स्वरचिन्ह आणि पाय मोडणे यांची मागणी एकच होती, मोकळे व्यंजन. आता स्वरचिन्हाला व्यंजन किंवा 'अ' चालतो, पाय मोडायला मात्र व्यंजनच लागते. पाच मागण्या, पाच शिल्लक: पंचवीस आणि एक, २६.

जुन्या नागरीचा पाढा १७चा, वर्ध्याच्या नागरीचा २६चा. आकार सहाने घटले आणि नियम मोठा झाला. ओझे नाहीसे झाले नाही. ते खिळ्यांच्या पेटीतून जोडणीच्या नियमात सरकले. तरीही हा सौदा वाईट नव्हता असेच म्हणावे लागते. सहा आकार विसरण्याच्या बदल्यात एक स्थिती शिकायची होती, आणि ती स्थितीही आ, ओ, औ लिहिताना हाताच्या ओळखीची झालेलीच होती. १९४७ साली आजच्या उत्तर प्रदेशात लिपिसुधारणेसाठी नेमलेल्या आचार्य नरेंद्रदेव समितीने मात्र 'अ'ची बाराखडी नाकारली. तो निर्णय नियमाचे माप घेऊन झाला नव्हता. डोळ्यांच्या सवयीचा त्यात मोठा वाटा होता. सवय हेही कारणच आहे, पण ते गणिताचे नव्हे.

पाढ्याचा आकार ही अर्धगटाकडून मिळणारी एक माहिती. दुसरी अधिक खोल आहे, आणि तिचे उदाहरणही वर्ध्यातच सापडते.

ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम निघाली आणि सूतकताई शाळेच्या वेळापत्रकात आली. कातलेले सूत चार फूट घेराच्या चौकटीवर गुंडाळायचे. एक फेरा म्हणजे एक तार. १६० तार झाले की एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. गुंडाळणाऱ्या मुलाला लटी बांधेपर्यंत फेऱ्यांचा आकडा ध्यानात ठेवावा लागतो, आणि १६० झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. 'आकडा बरोबर लटीवर आला का?' एवढाच प्रश्न विचारणारे यंत्र बनवले, तर त्याला १६० स्थिती लागतात. इथे ३७ फेरे आणि १९७ फेरे एकाच चौकटीत आहेत. आणि इथे व्यस्त सापडतो: ३७ फेऱ्यांना १२३ फेरे जोडले की यंत्र मूळ जागी परत येते, जणू काही झालेच नाही. हा अर्धगट अर्धा नाही, तो पूर्ण गट आहे. घड्याळाच्या काट्यासारखा तो गोल फिरतो.

लिपीच्या १७ चौकटींत असे गोल फिरणे कुठेही नाही. कोणताही तुकडा स्वतःलाच जोडत जा. दोन पावलांत तो एका जागी स्थिरावतो, नाहीतर बाद होतो. हा फरक किती मोलाचा आहे हे फ्रान्सच्या मार्सेल-पॉल श्युत्झेनबर्जे यांनी १९६५ साली दाखवले. हे गृहस्थ डॉक्टरीही शिकलेले होते, आणि नोम चॉम्स्की यांच्याबरोबर व्याकरणाच्या बीजगणितावर त्यांनी १९६३ साली लिहिले. त्यांचे १९६५चे प्रमेय असे: भाषेच्या अर्धगटात गोल फिरणारा गट दडलेला नसेल तर, आणि तरच, ती भाषा 'हे किंवा ते', 'यानंतर ते' आणि 'हे नको' एवढ्याच शब्दांत पूर्णपणे सांगता येते, 'हे हवे तितक्या वेळा पुन्हा' असे म्हणावे लागत नाही.

शाळेतल्या बाई शुद्धलेखन कसे तपासतात ते आठवावे. 'स्वरावर काना देऊ नकोस.' 'पाय मोडल्यावर स्वर घेऊ नकोस.' 'मोडक्या अक्षरावर शब्द सोडू नकोस.' नुसते नकार. अनुस्वाराविना चार जातींच्या कळांमध्ये शेजारी येऊ नयेत अशा सात जोड्या आहेत: स्वरानंतर स्वरचिन्ह, स्वरानंतर पाय मोडणे, स्वरचिन्हानंतर स्वरचिन्ह, स्वरचिन्हानंतर पाय मोडणे, आणि मोडक्या अक्षरानंतर स्वर, स्वरचिन्ह किंवा पुन्हा पाय मोडणे. शब्दाची सुरुवात स्वरचिन्हाने किंवा मोडण्याने नको, शेवट मोडक्यावर नको. संपला नियम. लटीचा नियम असा नकारांच्या यादीत कधीच बसणार नाही, यादी कितीही लांब केली तरी. तिथे मोजावेच लागते. एकाच गावातल्या दोन शिस्ती, अक्षर जोडण्याची आणि सूत गुंडाळण्याची. पण एक गटमुक्त आणि दुसरी निखळ गट. यंत्राच्या आकृतीकडे नुसते पाहून हे कळत नाही. पाढा मांडला की लगेच दिसते.

यातले तिसरे उदाहरण प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने घोकलेले आहे: यमाताराजभानसलगा. वृत्तांचे आठ गण लक्षात ठेवण्याची ही किल्ली. हिच्यातली लागोपाठची कोणतीही तीन अक्षरे उचलावीत, पहिल्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो: यमाता म्हणजे लघु गुरु गुरु, य गण; मातारा म्हणजे तीन गुरु, म गण; आणि शेवटी सलगा, स गण. लघु-गुरूंच्या तीनच्या आठही मांडण्या दहा अक्षरांत, एकही पुन्हा न येता. ही किल्ली ओळीने वाचणाऱ्या यंत्राला शेवटची तीन अक्षरे एवढेच ध्यानात ठेवायचे असते. चौथे आले की सर्वांत जुने गळून पडते. त्याच्या अर्धगटात तीन किंवा अधिक अक्षरांचे दोन तुकडे जोडले, की डाव्याची आठवण पुसली जाते आणि उजव्याचीच सरशी होते. लटी जुने काहीच विसरत नाही, तीन अक्षरांची ही खिडकी जुने सगळे विसरते.

केनेथ क्रोन आणि जॉन ऱ्होड्स या दोघा अमेरिकन तरुणांनी १९६५ साली सिद्ध केले, की जगातील कोणतेही सांत ऑटोमॅटन याच दोन प्रकारच्या विटांनी रचता येते: गोल फिरणारे गट आणि जुने पुसून नवे धरणारे साधे खटके, एकाखाली एक बसवलेले. तिसरी वीट लागत नाही. रेल्वेच्या सिग्नलचे कुलूप, लिफ्ट, नाणे टाकून चालणारे वजनकाटे, सगळी यात आली. विसाव्या शतकातील बीजगणिताच्या मोठ्या प्रमेयांत याची गणना व्हायला हवी. पदवीच्या अभ्यासक्रमात अर्धगटाला दोन ओळींत उरकून गटाकडे वळण्याची जी रीत आहे, ती विद्यार्थ्यांवर अन्याय करते.

भारतात या विषयाचे मोठे नाव केरळचे. के. एस. एस. नंबूतिरीपाद यांनी १९७९ साली नियमित अर्धगटांच्या रचनेवर केलेले काम जगभर आधाराला घेतले जाते. केरळातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतही ते होते. चेन्नईत गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृथिवासन यांच्यासह १९७४ साली दारापुढच्या कोलमच्या रांगोळ्यांना औपचारिक व्याकरण लावले. आपल्या लिपीचा, वृत्तांचा, ठिपक्यांच्या रांगोळीचा असाच हिशेब मराठीत मांडायला कुणाची आडकाठी नाही. वर्ध्यापासून जवळच धाम नदीकाठी पवनारला राहणाऱ्या विनोबांना गणित जिवापाड प्रिय होते आणि नागरी लिपी साऱ्या देशाने वापरावी हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच प्रेरणेने १९७५ साली नागरी लिपी परिषद स्थापन झाली. या दोन आवडी एकत्र आणणारे गणित तेव्हा तयार होते.

'अ'ची बाराखडी हरली, पण पुरती गेली नाही. 'ॲप', 'ॲसिड', 'बॅट' या शब्दांतला उच्चार लिहायला मराठीने जे अक्षर घडवले ते 'अ'वर चंद्र देऊनच. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' मराठी वर्णमालेत अधिकृतपणे आले. त्याआधी, २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत 'ॲ'ला स्वतंत्र जागा मिळाली होती. 'अ' आणि चंद्र अशा दोन कळांनी तो बनवू नये, असे युनिकोडचे मानक सांगते. त्यामुळे आकाराने वर्ध्याचा असलेला हा 'ॲ' संगणकाच्या लेखी 'इ' आणि 'उ'च्याच जातीचा पूर्ण स्वर आहे, आणि मराठीचा पाढा अजून १७चाच आहे.